नभोवाणीचा दुसरा संसार

घरांतील एखादी वस्तु जुनी झाली म्हणजे तिला दोनच वाटा मोकळ्या असतात. एक तर ती मोडींत जाते, नाहीं तर माळ्यावर चढते. डोंबिवलीस आमच्या आत्याबाईंच्या घरचा रेडिओ मात्र या दोन्ही वाटा चुकवून आपल्या फळीवरच बसून राहिला होता. त्याच्यावर विणलेला रुमाल होता, आणि सकाळीं सातच्या सुमारास आत्याबाई न चुकतां त्याचा कान पिळीत असत. परंतु गेलीं तीन-चार वर्षें त्यांतून बातम्यांपेक्षां खरखरच अधिक येई. आत्याबाईंचें वय ब्याऐंशी. शस्त्रक्रिया होऊनहि वर्तमानपत्राचीं अक्षरें त्यांस लागत नाहींत. अशा माणसास रेडिओ हा केवळ करमणुकीचा विषय नसतो. बाहेरच्या जगाशीं उरलेला तो एक धागा असतो. “अरे, कोणी तरी याला बोलता करा रे,” असें त्या येईल-जाईल त्यास सांगत. आणि येईल-जाईल तो मान डोलावून दूरदर्शन लावून देई.

गेल्या दिवाळींत त्यांच्या नातीनें आपल्या मोबाइलवर दोन-चार वेळां बोट फिरविलें, आणि मुंबई आकाशवाणीच्या अस्मितावाहिनीवरील निवेदिकेचा आवाज खोलीभर इतका स्वच्छ घुमला कीं, आत्याबाईंनीं प्रथम फळीकडेच पाहिलें.

“रेडिओ दुरुस्त झाला का गं?”

“नाहीं आजी, हा माझा फोन बोलतो आहे. आतां रेडिओ फोनवरच ऐकतात.”

आत्याबाई क्षणभर गप्प राहिल्या व मग म्हणाल्या, “अगं, पण मधेंच कोणाचा फोन आला तर?”

घरांतलीं सारीं हंसलीं. आम्हीहि हंसलों. परंतु परतीच्या गाडींत बसल्यावर तो प्रश्न आमच्या मनांतून जाईना. नभोवाणीस इंटरनेटवर नवें आयुष्य मिळालें आहे ही गोष्ट खरी व आनंदाची आहे. पण या नव्या घरीं तिला स्वतःची अशी जागा व स्वतःची अशी वेळ आहे काय, असेंच त्या वृद्ध बाईंनीं विचारलें होतें. त्याचें उत्तर शोधावयाचें तर नभोवाणी आमच्या घरांत आली कशी, हें प्रथम पाहिलें पाहिजे.

आमच्या या भागाचें नभोवाणीशीं असलेलें नातें तिच्या जन्मापासूनचें आहे. २३ जुलै १९२७ रोजीं ‘इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी’ या खाजगी मंडळीच्या मुंबई केंद्राचें उद्‌घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्तें झालें. त्या केंद्राचें प्रक्षेपक यंत्र अवघें दीड किलोवॅट शक्तीचें होतें, आणि त्याचा आवाज भोंवतालच्या सुमारें ४८ किलोमीटरांच्या टापूंत नीट पोंचत असे. लोहमार्गानें बोरीबंदरापासून ठाणें ३४, डोंबिवली ४८ व कल्याण ५४ किलोमीटरांवर आहे. लहरींस रुळांचीं वळणें घ्यावीं लागत नाहींत, म्हणून हीं तिन्ही गांवें त्या पहिल्या वर्तुळांत सांपडलीं. मात्र कल्याण व डोंबिवली हीं बरीचशीं त्याच्या कांठाकडे होतीं. ठाण्यास आगगाडी आली ती १६ एप्रिल १८५३ रोजीं. कल्याणचें सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचें, ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचें. मुंबईची प्रत्येक नवलाई तोंपर्यंत आमच्याकडे रुळांवरून येई. नभोवाणी ही रुळांवांचून आलेली पहिली नवलाई होय.

आरंभीं ती फारच थोड्या घरांत आली. १९२७ च्या अखेरीस साऱ्या हिंदुस्थानांत मिळून रेडिओचे परवाने होते ३,५९४. एवढ्या उत्पन्नावर कंपनी कशी चालावी? १९३० च्या मार्चमध्यें तिचें दिवाळें वाजलें, आणि एप्रिलपासून सरकारनें तें काम आपल्याकडे घेतलें. ८ जून १९३६ रोजीं तिला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हें नांव मिळालें. म्हणजे नभोवाणी संपली असें लोकांनीं प्रथम म्हटलें तेव्हां ती पुरतीं तीन वर्षांचीहि झाली नव्हती. पुढें तिच्या मृत्यूचीं भाकितें ज्यांनीं ज्यांनीं केलीं, त्यांनीं ही गोष्ट लक्षांत ठेवावयास हवी होती.

या संस्थेचें भाग्य असें कीं, तिला माणसें चांगलीं लाभलीं. आकाशवाणीची जी ओळखीची धून ऐकून आमच्या पिढीचे डोळे उघडत, ती वॉल्टर काउफमान नांवाच्या एका ज्यू संगीतकाराची रचना म्हणून ओळखली जाते. नाझींच्या भयानें युरोप सोडून ते १९३४ सालीं मुंबईस आले, आणि येथील केंद्रांत पाश्चात्य संगीताचा विभाग त्यांनीं सांभाळला. घर सुटलेल्या माणसानें बांधलेली धून लाखों घरांची भूपाळी व्हावी, हा योगायोग हृद्य नव्हे काय? पुढें पु. ल. देशपांडे, मंगेश पाडगांवकर, यशवंत देव, व्यंकटेश माडगूळकर यांच्यासारखीं माणसें मुंबई-पुण्याच्या केंद्रांत नोकरीस होतीं. १ एप्रिल १९५५ रोजीं, रामनवमीस, पुणें केंद्रानें ग. दि. माडगूळकर व सुधीर फडके यांचें गीतरामायण सुरू केलें व वर्षभर आठवड्यास एक या क्रमानें छप्पन्न गीतें महाराष्ट्रास ऐकविलीं. मुंबई केंद्रावर ‘वनिता मंडळ’ होतें, कामगारांसाठीं कार्यक्रम होते, भावगीतांचें ‘भावसरगम’ होतें. आणि ‘पुन्हां प्रपंच’ या श्रुतिकामालेंतील प्रभाकरपंत, मीनावहिनी व टेकाडे भावजी हीं तर घरोघरचीं आप्तमंडळी होऊन बसलीं होतीं. प्रभाकर जोशी, नीलम प्रभु व बाळ कुरतडकर यांचे चेहरे पुष्कळांनीं कधीं पाहिले नाहींत. पण टेकाडे भावजी दारांत उभे राहिले असते तर आमच्या मातोश्रींनीं त्यांस आधीं चहा विचारला असता व मग नांव.

ठाणें, डोंबिवली, कल्याण या गांवांस तर नभोवाणीचा आणखी एक उपयोग होता, आणि तो कोणत्याहि कार्यक्रमपत्रिकेंत छापलेला नसे. हीं गांवें घड्याळाचीं गांवें. कर्त्या पुरुषास ठराविक गाडी, पुढें कर्त्या स्त्रियांसहि ठराविक गाडी. आणि गाडी चुकली कीं सबंध दिवस चुकला. भिंतीवरचें घड्याळ मागें पडे, परंतु रेडिओ मागें पडत नसे. सात-पांचच्या मराठी बातम्या लागल्या कीं डबा बांधून झाला पाहिजे, त्या संपल्या कीं चपला पायांत असल्या पाहिजेत, असा सर्व घराचा शिरस्ता. संयुक्त कुटुंबांत दहा-बारा माणसांस एका वेळेस हलविणें हें सोपें काम नव्हे. तें फळीवरची ती पेटी कोणास न रागावतां करीत असे. शिवाय पेटी एकच असल्यामुळें आवड-निवड सर्वांस वांटून घ्यावी लागे. आजोबांचें शास्त्रीय गायन मुलांनीं सोसलें, मुलांचें ‘आपली आवड’ आजोबांनीं सोसलें. आणि असें सोसतां सोसतां आजोबांस चित्रपटांतील गाणें व नातवास यमनकल्याण कळूं लागला. घरांतील शिक्षणाचा हा भाग कोणी मुद्दाम योजिला नव्हता. एका पेटीच्या गरिबीनें तो आपोआप घडविला.

मग ही पेटी मुकी कां झाली? २ ऑक्टोबर १९७२ रोजीं मुंबईस दूरदर्शन आलें व घराचें तोंड कानांकडून डोळ्यांकडे वळलें. २००१ नंतर खाजगी एफ. एम. केंद्रें निघालीं. पण याहून एक साधें, यांत्रिक कारणहि आहे, आणि तें फारसें कोणी सांगत नाहीं. जुनीं मराठी प्रक्षेपणें प्रामुख्यानें मध्यम लहरींवर होत. अस्मितावाहिनीची जागा ५५८ किलोहर्ट्‌झ, म्हणजेच ५३७.६ मीटर, हे आंकडे आमच्या पिढीस पाढ्यांप्रमाणें पाठ आहेत. या लहरी दूरवर जातात, पण विजेच्या बारीकसारीक उपद्रवानें त्या गढूळ होतात. सांप्रत प्रत्येक घरांत एल. ई. डी. दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर अशीं साधनें असतात. हीं साधनें विजेचा प्रवाह सेकंदास हजारों वेळां तोडून जोडतात, आणि त्या तोडजोडीचा आवाज नेमका मध्यम लहरींच्या पट्ट्यांत उमटतो. त्यांत वाडे गेले व लोखंडी सळयांच्या कांक्रीटच्या इमारती आल्या. त्यांच्या भिंती उरलासुरला आवाज गिळतात. आत्याबाईंचा रेडिओ बिघडलाच नव्हता. घर बदललें होतें. पूर्वींच्या शांत माजघरांत जो आवाज निर्मळ येई, तोच आजच्या चकचकीत दिवाणखान्यांत येऊन गुदमरत होता.

इंटरनेटनें नेमकी ही अडचण दूर केली. आतां निवेदकाचा आवाज केंद्रांतच आंकड्यांत रूपांतरित होतो, त्या आंकड्यांचे कांहीं सेकंदांचे लहान लहान तुकडे पाडले जातात, व ऐकणाऱ्याचा फोन ते तुकडे एकामागून एक मागवून घेऊन पुन्हां त्यांचा आवाज करतो. वाटेंत खरखर मिसळण्यास जागाच नाहीं. ‘न्यूज ऑन एअर’ या सरकारी ॲपवर आकाशवाणीच्या २४० हून अधिक सेवा अशा रीतीनें ऐकण्याची सोय झाली. २०२१-२२ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या सरकारी पत्रकांत त्यांचे श्रोते ८५ हून अधिक देशांत व सुमारें ८,००० शहरांत असल्याचें म्हटलें आहे. आणि भारतांतील शहरांच्या क्रमवारींत पुणें वारंवार अग्रभागीं असे. २० नोव्हेंबर २०२४ रोजीं गोव्यांतील चित्रपट महोत्सवांत प्रसार भारतीनें ‘वेव्हज्‌’ हें आणखी एक दालन उघडलें. त्यांतहि नभोवाणीस जागा आहे. ज्या केंद्राचा आवाज १९२७ सालीं कल्याणपर्यंत पोंचतां पोंचतां दमत होता, तोच आज कॅलिफोर्नियांत दमत नाहीं.

याचें प्रत्यंतर आत्याबाईंच्याच घरीं आलें. त्यांचा धाकटा मुलगा न्यू जर्सींत असतो. हिंवाळ्यांत आपल्याकडे सकाळचे सात वाजून पांच मिनिटें होतात तेव्हां तेथें आदल्या रात्रीचे आठ वाजून पस्तीस मिनिटें झालेलीं असतात. तो तेथें जेवणाच्या टेबलावर बातम्या लावतो, त्या येथें चहाबरोबर लावतात. बातम्या संपल्या कीं तो फोन करतो. पूर्वीं मायलेकांच्या संभाषणांत “जेवलास का?” आणि “गोळ्या घेतल्यास का?” यांच्या पलीकडे विषय उरला नव्हता. आतां मराठवाड्यांत पाऊस कमी पडला, कोंकणांत दरड कोसळली, यांवर दोघांचें बोलणें होतें, आणि मतभेदहि होतात. बारा हजार किलोमीटरांवरच्या मुलाशीं भांडावयास मिळणें हें एका आईस किती सुखाचें असतें, तें आम्हीं प्रत्यक्ष पाहिलें आहे.

असें असतां केवळ जयजयकार करून लेख संपवावा काय? तसें केलें तर आत्याबाईंच्या प्रश्नास बगल दिल्यासारखें होईल. या नव्या संसारांत नभोवाणीनें कांहीं गमावलेंहि आहे, आणि तें कुटुंबांनीं जाणून घेणें अगत्याचें आहे.

पहिली गोष्ट वेळेची. तुकडे पाडणें, पाठविणें व जोडणें यांत कांहीं सेकंद, कधीं अर्धें मिनिटहि जातें. एकाच घरांत दोन फोन लावले तर एका खोलींत वाक्य संपतें तेव्हां दुसऱ्या खोलींत तें सुरू होतें. ज्या रेडिओवर आम्ही घड्याळ लावीत होतों, तोच आतां घड्याळाच्या मागें पडूं लागला. हें नुकसान लहान आहे. गाडी पकडणारांनीं तेवढें ध्यानांत ठेवावें म्हणजे झालें.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. मनोऱ्यावरून निघालेली लहर एक ऐको कीं एक लाख ऐकोत, तिला भेद नाहीं. ऐकणाराचा खर्च दोन लहान बॅटऱ्यांचा. इंटरनेटवर मात्र प्रत्येक श्रोत्यास स्वतंत्र प्रवाह पुरवावा लागतो. सेकंदास चौसष्ट किलोबिट धरले तरी तासास एकोणतीस मेगाबाइटांच्या आसपास खर्च होतात, आणि भोंवतालचें जाळें चालू असेल तरच आवाज येतो. २६ जुलै २००५ चा दिवस आमच्या भागांत कोण विसरेल? सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, उल्हास नदीनें कल्याण-बदलापूरचा परिसर बुडविला, वीज गेली, दूरध्वनि मुके झाले. अशा रात्रीं स्मार्टफोन ही निव्वळ कांचेची पाटी होते. कामास येतो तो बॅटरीवर चालणारा लहानसा रेडिओ. म्हणून नव्याचें स्वागत करतांना जुनें भंगारांत काढूं नये. घरांत देवघराजवळ काडेपेटी असते, तसा एक साधा रेडिओ व बॅटऱ्यांची जोडी असावी, असें आमचें आग्रहाचें सांगणें आहे.

तिसरी गोष्ट संस्थेची. जून २०२३ मध्यें पुणें केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून तें काम छत्रपति संभाजीनगरकडे सोंपविण्याचा निर्णय जाहीर झाला होता. लोकांनीं व लोकप्रतिनिधींनीं आवाज उठविल्यावर तो स्थगित झाला. त्यावरून दोन बोध घेतां येतात. आवाज जगभर पोंचला म्हणून त्याचा उगम सुरक्षित राहतो असें नव्हे; आणि श्रोता बोलला तर त्याचें ऐकलें जातें. मध्यम लहरींच्या काळीं केंद्रास श्रोत्याचा पत्ता लागे तो त्याच्या पोस्टकार्डावरून. आतां आंकडे आपोआप मोजले जातात. पण आंकडा कांहीं सांगत नाहीं, पत्र सांगतें. कार्यक्रम आवडला, निवेदकाचा उच्चार खटकला, अमुक विषयावर कांहीं ऐकावेंसें वाटतें, हें आपण पूर्वीं कळवीत होतों. तें कां सोडलें?

आणि आतां आत्याबाईंच्या प्रश्नाकडे येऊं. मधेंच कोणाचा फोन आला तर? येतोच. त्या दिवाळीच्या सकाळींहि आला, आणि बातम्या अर्ध्यावर राहून नात महाविद्यालयांतील मैत्रिणीशीं बोलत बाहेर गेली. तिचा दोष नव्हता. जें साधन सर्व कामांचें असतें, तें कोणत्याच एका कामाचें राहत नाहीं. शिवाय फोन ज्याचा-त्याचा असतो, आणि कानांत घालावयाच्या त्या पांढऱ्या गोळ्या तर एकाच माणसाच्या. एकाच छपराखालीं सहा माणसें सहा केंद्रें ऐकत बसलीं आहेत आणि कोणास कोणाचें सोसावें लागत नाहीं, हें स्वातंत्र्य खरें; परंतु त्या सोसण्यांतूनच एकमेकांची आवड कळत होती, हेंहि तितकेंच खरें.

यावर तोड काढली ती नातीनेंच. घरांत तिच्या वडिलांचा एक जुना स्मार्टफोन पडून होता. कार्ड काढलेला, पडद्यास तडा गेलेला. तिनें त्याला घरच्या वायफायवर जोडलें, दुसरीं सारीं ॲप्स काढून टाकून केवळ आकाशवाणीचें तेवढें ठेविलें, एक लहानसा ध्वनिवर्धक लावला, आणि हें सर्व त्या फळीवर, जुन्या रेडिओच्या शेजारीं, त्याच विणलेल्या रुमालाच्या अर्ध्या भागावर मांडलें. बटण कोणतें दाबावयाचें तें कळावें म्हणून पडद्यावर लाल टिकली चिकटविली. “आजी, याच्यावर कोणाचाहि फोन येणार नाहीं,” ती म्हणाली. खर्च पडला तो ध्वनिवर्धकाचा व टिकलीचा.

आमच्या मतें या प्रकरणाचें सार एवढेंच आहे. पूर्वीं घर एकत्र आलें तें पेटीमुळें, असें आपण समजतों. खरें पाहतां तें वेळेमुळें आलें. सात वाजून पांच मिनिटें ही वेळ साऱ्या घराची होती, आणि पेटी तिची राखण करीत होती. इंटरनेटनें आवाज परत दिला, तो पूर्वींपेक्षां स्वच्छ व दूर जाणारा दिला. परंतु वेळ परत देणें त्याच्या हातीं नाहीं. ती घरानेंच बाजूस काढून ठेवावयाची आहे. दिवसाचीं पंधरा मिनिटें, एक फळी, एक आवाज, आणि तो ऐकत असतां दुसरें कांहीं नाहीं. एवढें ज्यास साधेल त्याच्या घरीं नभोवाणीचा दुसरा संसार पहिल्याइतकाच सुखाचा होईल.

गेल्या महिन्यांत आम्ही पुन्हां डोंबिवलीस गेलों होतों. सकाळची वेळ, बातम्या चालल्या होत्या. आम्ही दारांत उभे राहून हांक मारणार, तोंच आत्याबाईंनीं बोट ओठांवर ठेवून आम्हांस बसावयाची खूण केली. बातम्या संपेपर्यंत आम्हांस कोणीं पाणी विचारलें नाहीं. पंचेचाळीस वर्षांपूर्वीं याच घरीं आमचें असेंच स्वागत होत असे. आम्ही मुकाट्यानें बसलों, आणि फार बरें वाटलें.